छडी, भय आणि विवेक : ख्रिस्ती परंपरेतील बालशिस्तीचा मागोवा

इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांतील मुलांना एक शब्द लहानपणीच चकवितो. शाळेत, हिंदीतून, 'शिक्षा' म्हणजे विद्या. घरी, मराठीतून, 'शिक्षा' म्हणजे दंड. संस्कृतात या शब्दाचा धातू एकच असून त्याचा अर्थ 'शिकणे' असा आहे. मराठीने शिकण्यासाठी 'शिक्षण' हा शब्द वेगळा काढला आणि 'शिक्षा' दंडाच्या स्वाधीन केली.

पवित्र शास्त्राच्या भाषांतही असाच अनुभव येतो. नीतिसूत्रांच्या ग्रंथातील 'मूसार' हा इब्री शब्द बोध आणि ताडन असे दोन्ही अर्थ वाहतो. नव्या करारातील 'पायदेइया' हा ग्रीक शब्द 'मूल' या अर्थाच्या शब्दापासून निघाला आहे. मुलाचे संगोपन, अध्यापन, वळण आणि प्रसंगी शासन ही सारी त्याच्या कक्षेत येतात. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात हाच शब्द योजला आहे. परंतु तो येण्यापूर्वी बापांना ताकीद दिली आहे, की त्यांनी मुलांना चिडीस आणू नये. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात त्याचे कारणही सांगितले आहे : अशाने मुलांचे मन खचते. ज्या काळी घरातील बापाच्या सत्तेला फारशी मर्यादा नव्हती, त्या काळी ही आज्ञा दुबळ्या मुलाला नव्हे, तर बलवान बापाला केलेली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मग ख्रिस्तसभेने या शब्दाचा कोणता अर्थ प्रत्यक्ष जगून दाखविला? प्रामाणिकपणे उत्तर द्यावयाचे तर, दोन्ही. धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना हा इतिहास ठाऊक असणे आम्हांस अगत्याचे वाटते; कारण 'पूर्वीपासून असेच चालत आले आहे' हे वाक्य आपल्या वर्गांत आजही कानी पडते, आणि ते केवळ अर्धसत्य आहे.

दोन बिशप

चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर आफ्रिकेतील तागास्ते गावी एक मुलगा शाळेत मार खात होता. पुढे हिप्पोचे बिशप झालेल्या संत ऑगस्टीन यांनी 'कबुलीजबाब' या आत्मचरित्राच्या पहिल्याच भागात ती आठवण लिहून ठेवली आहे. त्यांच्या आयुष्यातील पहिल्यावहिल्या प्रार्थनांपैकी एक अशी होती, की आज शाळेत मार बसू नये. त्या प्रार्थनेस यश येत नसे, आणि मुलाच्या अंगावरील वळ पाहून वडीलधारी माणसे, त्यांत त्यांचे आईबापही, हसत. विशेष म्हणजे, मुले चेंडू खेळतात म्हणून त्यांना मारणारे प्रौढ स्वतःही खेळच खेळत असतात. फक्त त्यांच्या खेळाला 'व्यवहार' असे भारदस्त नाव असते, असेही ऑगस्टीन यांनी नोंदविले आहे. भयाच्या सक्तीपेक्षा मोकळ्या जिज्ञासेने भाषा लवकर येते, हा निष्कर्षही त्यांनी मांडला. तरीही ते सक्तीचे विरोधक झाले नाहीत. मानवी स्वैरपणाला आवर घालण्यासाठी ईश्वर अशा दंडांचाही उपयोग करून घेतो, अशी त्यांची धारणा होती. आणि पुढे दोनातवादी पंथीयांना ख्रिस्तसभेत आणण्यासाठी राजसत्तेच्या सक्तीचे त्यांनी समर्थनही केले. पाठीवरचे वळ विसरले नाहीत, पण वळ उठविणारी रीतही पुरती टाकून देता आली नाही. आपल्यापैकी पुष्कळांची अवस्था हीच आहे.

याच सुमारास पूर्वेकडे संत जॉन ख्रिसोस्तोम यांनी 'वृथाभिमान व मुलांचे संगोपन' या विषयावर एक निबंध लिहिला. आईबाप हे चित्रकार वा मूर्तिकार आहेत, आणि मुलाचा आत्मा हे एक नगर असून डोळे, कान, जीभ ही त्याची द्वारे आहेत, अशी कल्पना त्यांनी विस्ताराने मांडली. छडीविषयी त्यांचे मत मोठे व्यवहारी आहे. माराचे भय मुलाला असावे, पण मार वारंवार बसू नये. कारण रोज मार खाणारे मूल माराला जुमानीनासे होते आणि मग शिस्तीचा सारा डोलारा कोसळतो. नजर, शब्द, कौतुक, वचन ही साधने त्यांनी पुढे केली. काइन आणि हाबेल यांची कथा मुलाला कशी सांगावी, दुसऱ्या दिवशी ती त्याच्याकडूनच कशी वदवून घ्यावी, आणि मग चर्चमध्ये तीच कथा वाचली जाताना ओळखून मूल कसे आनंदते, हे त्यांनी एखाद्या अनुभवी धर्मशिक्षकाप्रमाणे सांगितले आहे. छडीची जागा कोण घेणार, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते : गोष्ट सांगणारा बाप.

बेक मठातील संवाद

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. त्या काळी आईबाप लहान मुलांना मठास अर्पण करीत, आणि ती मुले तेथेच वाढत. ज्यांना बहिष्काराच्या दंडाचे गांभीर्य कळत नाही अशा मुलांना कडक उपवास किंवा फटके द्यावेत, असे या नियमावलीचा तिसावा अध्याय सांगतो. सदतिसावा अध्याय वृद्ध व बालकांशी मायेने वागावयास सांगतो. आणि सत्तरावा अध्याय म्हणतो, की पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांवर सर्वांनी लक्ष ठेवावे; पण जो कोणी त्यांच्यावर तारतम्य सोडून संतापेल, त्यालाच शासन व्हावे. तिन्ही अध्याय एकाच नियमावलीत आहेत. दुर्दैव असे, की तिसावा अध्याय आचरण्यास सोपा असतो आणि सत्तरावा अवघड.

पाच शतकांनंतर नॉर्मंडीतील बेक मठात संत अन्सेल्म होते. १०३३ साली आल्प्स पर्वतातील आओस्ता येथे जन्मलेले हे तत्त्वचिंतक बेक येथे प्रथम प्रायर व १०७८ पासून मठाधिपती होते. १०९३ साली ते कँटरबरीचे आर्चबिशप झाले. त्यांचे चरित्र त्यांचे सहवासी एडमर यांनी लिहिले. एडमर स्वतः बालपणापासून कँटरबरीच्या मठात वाढलेले होते. म्हणून पुढील प्रसंग त्यांनी इतक्या आस्थेने का टिपला असावा, याची कल्पना आपण करू शकतो.

एक मठाधिपती अन्सेल्म यांच्याकडे आले. ते धर्मनिष्ठ म्हणून प्रख्यात होते. मठातील मुलांविषयी त्यांनी गाऱ्हाणे मांडले : ही मुले सुधारतच नाहीत, रात्रंदिवस मारतो, तरी अधिकच बिघडतात. अन्सेल्म यांनी उलट विचारले, की ही मुले मोठी झाल्यावर कशी होतात? मंद आणि पशुवत्, असे उत्तर आले. तेव्हा अन्सेल्म म्हणाले, की मग तुमचे श्रम चांगलेच फळास आले. माणसांचे तुम्ही पशू केलेत. मठाधिपतींनी आपली बाजू मांडली, की आम्ही त्यांच्या कल्याणासाठीच त्यांना सर्व बाजूंनी बांधून ठेवतो. त्यावर अन्सेल्म यांनी विचारले : बागेत रोप लावून ते फांद्या पसरू शकणार नाही असे चहूकडून कोंडून टाकले आणि वर्षाने मोकळे केले, तर हाती काय लागेल? वेड्यावाकड्या, गुंतलेल्या फांद्यांचे निरुपयोगी झाड. आणि दोष कोणाचा?

दुसरा दृष्टांत सोनाराचा आहे. सोन्याचांदीच्या पत्र्यातून सुंदर आकृती नुसत्या ठोक्यांनी उमटत नाही. कारागीर क्षणात दाबतो, क्षणात हळुवार उचलून आकार देतो. तिसरा दृष्टांत अन्नाचा. भाकर हे उत्तम अन्न खरे, पण तान्ह्या बाळाला दुधाऐवजी भाकरच भरविली तर ते गुदमरेल. आत्म्याच्या पोषणातही दुबळ्यास दूध आणि सबळास भाकर हा भेद हवाच. हे ऐकून मठाधिपतींनी आपली चूक कबूल केली व अन्सेल्म यांच्या पायांशी लोटांगण घालून क्षमा मागितली, असे एडमर सांगतात.

या संवादाचे मर्म दृष्टांतांत नाही. ते पहिल्या प्रश्नात आहे, असे आम्हांस वाटते. मठाधिपती आजचा वर्ग पाहत होते. अन्सेल्म उद्याचा माणूस पाहत होते. शिस्तीचे मोजमाप मूल आपल्यासमोर कसे वागते यावरून करावयाचे नसून, आपण नसताना, आणि आपण गेल्यावर, ते कसे वागेल यावरून करावयाचे असते.

अन्सेल्म यांना निव्वळ कोवळे ठरविणेही योग्य नव्हे. ओस्बर्न नावाचा एक तरुण व्रतस्थ त्यांचा द्वेष करीत असे. अन्सेल्म यांनी आधी त्याच्या पोरकटपणाला मुभा दिली, त्याचा विश्वास जिंकला, मग हळूहळू सवलती काढून घेतल्या. आणि तो दृढ झाल्यावर चुकीसाठी त्याला शब्दांनीच नव्हे, तर फटक्यांनीही शासन केले. पुढे ओस्बर्न मरणोन्मुख झाला, तेव्हा त्याच्या उशाशी बसून सेवा करणारेही अन्सेल्मच होते. त्यांनी दिलेल्या फटक्यांचे समर्थन आज आपण करणार नाही. परंतु त्यांचा क्रम विसरणार नाही. आधी माया, मग मागणी.

गुरुवारची संध्याकाळ

हा मागोवा केवळ आपल्याच मंडळींत घेणे उचित नव्हे. इंग्लंडमधील एप्वर्थ गावच्या पाळकाची पत्नी सुझाना वेस्ली ही एकोणीस अपत्यांची माता. १७३२ साली तिने आपला मुलगा जॉन, म्हणजेच मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली, यांना आपली संगोपनाची पद्धत पत्राने कळविली. मुलाची इच्छा लवकरात लवकर जिंकली पाहिजे आणि वर्षाचे होताच त्याला छडीला भिऊन हळू आवाजात रडावयास शिकविले पाहिजे, हे तिचे मत आज वाचताना अंगावर शहारा येतो. या मताने पुढील पिढ्यांतील असंख्य ख्रिस्ती घरांवर आपली छाया टाकली.

परंतु त्याच पत्रात दुसरेही नियम आहेत. जे मूल आपला अपराध प्रामाणिकपणे कबूल करील व सुधारण्याचे वचन देईल, त्याला मारावयाचे नाही. कारण माराच्या भयानेच मुले खोटे बोलू लागतात, हे तिने ओळखले होते. एका अपराधासाठी दोनदा बोल लावावयाचा नाही. आज्ञापालनाची कृती फसली तरी त्यामागील हेतूचे कौतुक करावयाचे. याशिवाय आठवड्यातील एकेक संध्याकाळ तिने एकेका मुलाशी एकांतात बोलण्यासाठी राखून ठेवली होती. जॉनच्या वाट्याला गुरुवार आला होता. मोठेपणी जॉन यांनी आईकडे मागणे केले, ते त्या गुरुवारच्या संध्याकाळच्या थोड्याशा वेळाचे. त्यांचा जीव ज्यात गुंतून राहिला, ती गोष्ट छडी नव्हती.

तेलाचे भांडे

१८१५ साली इटलीतील बेक्की नावाच्या वाडीत जॉन बॉस्को जन्मले. ते दोन वर्षांचे होण्यापूर्वीच वडील वारले. आई मार्गारिता ही निरक्षर शेतकरीण होती. चरित्रकार सांगतात, की तिच्या घराच्या कोपऱ्यात एक छडी उभी असे. पण ती कधी वापरली गेली नाही. एकदा आई बाजारास गेली असता छोट्या जॉनच्या हातून तेलाचे भांडे फुटले. त्याने जमीन पुसण्याची खटपट केली, मग कुंपणातून एक फोक तोडला आणि तो हातात घेऊन वाटेवरच आईला सामोरा गेला. घडले ते त्याने सांगितले व फोक पुढे केला. आईने त्याला क्षमा केली.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. धर्मगुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच काळात आमच्याकडे मुलांच्या एका वसतिगृहाची देखरेख होती. आमची पावले वाजली की खोली चिडीचूप होई, आणि आम्ही तिलाच शिस्त समजत होतो. एके दिवशी खिडकीची काच फुटलेली आढळली. कोणी कबूल होईना, म्हणून आम्ही साऱ्यांचा रविवारचा खेळ बंद केला. तीन दिवसांनी स्वयंपाकिणीच्या लक्षात आले, की एक मुलगा डावा हात खिशातून बाहेर काढीतच नाही. काच त्याच्याच हातात घुसली होती, आणि जखम चिघळली होती. आमच्या भयाने त्याने वेदनाही लपविली होती. आम्ही त्याला मारले नव्हते. छडी आमच्याजवळ नव्हतीच. तरीसुद्धा बेक्कीचा मुलगा फोक घेऊन आईला सामोरा गेला, आणि आमचा मुलगा हात लपवून आमच्यापासून दूर गेला. या दोन मुलांमधील अंतर हेच आमच्या शिस्तीचे खरे मोजमाप होते.

डॉन बॉस्को १८४१ साली धर्मगुरू झाले. तुरीन शहरात कामधंद्यासाठी आलेली, तुरुंगाच्या वाटेवर असलेली मुले त्यांनी जवळ केली. १८४६ साली आई मार्गारिताही वाल्दोक्को येथे राहावयास आली आणि १८५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या मुलांची आई होऊन राहिली. पुढे १८७७ साली डॉन बॉस्को यांनी 'प्रतिबंधक पद्धती'वर एक छोटा निबंध लिहिला. त्यात त्यांनी दोन पद्धतींची तुलना केली. पहिली दमनाची : नियम सांगावयाचे, पाळत ठेवावयाची, आणि चुकणाऱ्यास दंड द्यावयाचा. ही पद्धत सोपी असून सैन्याला शोभते. दुसरी विवेक, धर्म आणि वात्सल्य या तीन आधारांवर उभी आहे : नियम समजावून द्यावयाचे आणि मुलांच्या सतत जवळ राहावयाचे, म्हणजे पाऊल घसरण्यापूर्वीच हात देता येतो. मारणे, त्रासदायक स्थितीत गुडघ्यांवर उभे करणे, कान ओढणे हे सर्व त्यांनी वर्ज्य ठरविले. त्याची कारणेही दिली : देशाचा कायदा त्यास मनाई करतो, मुले चिडतात, आणि शिक्षकाची स्वतःचीच अवनती होते.

एवढ्यावर ही कथा संपती, तर ती केवळ एका संताचे गुणगान ठरती. परंतु १० मे १८८४ रोजी त्यांनी रोमहून वाल्दोक्कोस धाडलेले पत्र आपल्यासाठी अधिक मोलाचे आहे. त्यात एका स्वप्नाचे वर्णन आहे. स्वप्नात त्यांना प्रथम जुन्या दिवसांतील क्रीडांगण दिसले. धर्मगुरू व मुले एकत्र धावत, हसत होती. मग चालू काळाचे क्रीडांगण दिसले. मुले कंटाळलेली, संशयी, कोपऱ्याकोपऱ्यांत कुजबुजणारी. आणि वरिष्ठ मंडळी आपापसांत बोलत दूर उभी असलेली. धर्मगुरू मुलांवर प्रेम करीत नव्हते असे नाही. ते मुलांसाठी झिजत होते. पण आपल्यावर प्रेम केले जात आहे हे मुलांना जाणवत नव्हते. संस्थापक हयात असताना, त्यांच्याच संस्थेत, सहवासाची जागा नियमांनी घेतली होती. छडी नसलेले घरही थंड पडू शकते, हा या पत्राचा इशारा आहे.

आपल्यापुढील काम

आज छडीचा प्रश्न शाळांपुरता कायद्याने निकालात काढला आहे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. गोव्यात २००३ च्या बालकांविषयीच्या कायद्यानेच शाळांतील शारीरिक शिक्षा बंद केली होती. हे इष्टच झाले. परंतु कायदा छडी काढून घेतो. तिच्या जागी काय ठेवावे, हे तो सांगू शकत नाही. ते सांगणे हे आपले काम आहे.

आणि येथेच धर्मशिक्षणाच्या वर्गातील एक धोका उघड बोलून दाखविला पाहिजे. छडी नाहीशी झाली की आपण नकळत ईश्वरालाच छडी करतो. 'देव बघतो आहे, तो शिक्षा करील' हे वाक्य वर्ग तत्काळ शांत करते. पण त्याची किंमत मूल पुढे आयुष्यभर मोजते. पहिल्या पापनिवेदनाच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलाने जर ईश्वराची ओळख केवळ पाळत ठेवणारा म्हणून करून घेतली असेल, तर ते बापाकडे परतणाऱ्या उधळ्या पुत्राप्रमाणे येणार नाही. ते हात खिशात लपवूनच येईल. सर्वांदेखत लाजविणे, आणि 'आता तू माझा लाडका नाहीस' म्हणून माया आवरून घेणे, याही छड्याच आहेत; त्यांचे वळ दिसत नाहीत इतकेच.

याचा अर्थ शिस्त नको असा नव्हे. मराठी वाचकाला साने गुरुजींची 'श्यामची आई' परिचित आहे. पोहावयास भिणाऱ्या श्यामला आईने शिंपटीने मारले, हेही त्याच पुस्तकात आहे. तो मार आज आपण आदर्श मानणार नाही. परंतु त्या आईने मुलाकडून धैर्याची, स्वच्छ मनाची, खरेपणाची अपेक्षा कधी सोडली नाही, हे मात्र आदर्शच मानू. मुलाकडून काहीच न मागणे ही दया नव्हे, ती उपेक्षा होय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या घोषणेत म्हटले आहे, की नैतिक मूल्ये शुद्ध विवेकबुद्धीने पारखण्यास आणि ती स्वतः होऊन स्वीकारण्यास मदत मिळावी, हा मुलांचा व तरुणांचा हक्क आहे. 'स्वतः होऊन' हे महत्त्वाचे. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी 'अमोरिस लेतित्सिया' या पत्रात पालकांना असेच बजाविले, की मूल या क्षणी कोठे आहे याची सतत पाळत ठेवण्याने ते घडत नाही; आत्म्याने ते कोठे आहे, हे कळणे अधिक मोलाचे आहे. अन्सेल्म यांचाच प्रश्न साडेनऊ शतकांनी पुन्हा विचारला गेला.

मग धर्मशिक्षकाने येत्या रविवारी काय करावे? जे मूल खरे सांगेल, त्याला त्या खरेपणाबद्दल कधीही पस्तावावे लागू नये. चूक झाली असेल, तर भरपाई अवश्य करून घ्यावी. पण ती एकांतात ठरवावी आणि मुलाला विचारून ठरवावी. वर्ग सुरू होण्यापूर्वी व संपल्यावर काही वेळ मुलांमध्ये जाऊन उभे राहावे. प्रत्येक मुलाच्या वाट्याला, आठवड्यात नाही तर वर्षातून का होईना, एखादी 'गुरुवारची संध्याकाळ' यावी. आणि धर्मगुरूंनी धर्मशिक्षकांच्या सभेत पाठांतराचा आढावा घेण्याआधी एवढेच विचारावे : काही फुटले, तर ही मुले आपल्याकडे येतील काय?

त्या वसतिगृहातील मुलाच्या हाताची जखम भरून आली. व्रण मात्र राहिला. आमच्या वर्गात आज जी मुले येतात, त्यांच्यापुढे उभे राहताना तो व्रण आम्हांस आठवतो. आणि प्रभूने बालकांना जवळ घेतले, त्यांच्यावर हात ठेवले, तेव्हा तो हात कशासाठी उचलला होता, हेही आठवते.